राहून गेलेलं कुंकू

काल नीलिमाने कैऱ्या सोलायला घेतल्या आणि मी काहीतरी निमित्त काढून बागेत सटकलो. बागेत काम नव्हतंच. ब्रिस्टलचा एप्रिल, गवत ओलंचिंब, त्यावर यंत्र फिरवायची सोय नाही. कुंपणापलीकडच्या झाडीत रानलसूण फुलली होती. तिचा उग्र वास ओल्या मातीतून वर येत होता आणि मागच्या दारातून कैरीचा आंबट वास येत होता. हे दोन वास एकमेकांत मिसळले की आमच्याकडे चैत्र आला असं समजायचं. लोकांना चैत्रात पालवी दिसते, उल्हास वगैरे वाटतो. मला गेली काही वर्षं चैत्र आला की लाज वाटते.

"अहो, डाळ कोण वाटणार?" आतून हाक आली. गेलो मुकाट्याने. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आणि पन्हं ही दोन खाती आमच्या घरात माझ्याकडे आहेत. बाकीच्या मंत्रिमंडळात पुरुषांना प्रवेश नाही. बायका हॉलमध्ये जमतात, गौर मांडतात, साड्यांचं कौतुक करतात. मी स्वयंपाकघरात उभा राहून पन्ह्यात वेलची जास्त झाली की काय याची काळजी करतो. पुण्याहून इथे आलो तेव्हा मला डाळीतली मोहरीसुद्धा तडतडवता येत नव्हती. आता निवृत्त आहे, विमानांच्या पंखांऐवजी कैऱ्यांवर काम करतो.

आणि बातम्या बघतो. हे माझं व्यसन आहे आणि नीलिमा ते चारचौघांत सांगतेही. युरोपातल्या कुठल्या देशात कुणाचं सरकार डळमळतंय, कोण कुणावर रुसलंय, लांबलचक टेबलाभोवती बसून कोणी काय म्हटलं, सगळं मला ठाऊक असतं आणि ते दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यात माझी एक लबाडीही आहे. ब्रिटनने काही चांगलं केलं की मी "आम्ही" म्हणतो आणि फसलं की "हे युरोपवाले". अंगाला काही लागू न देता जगाची चिंता करायची याला एक कौशल्य लागतं. ते मी कमावलं आहे.

युक्रेनचं युद्ध पेटलं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हलिना आमच्याकडे राहायला आली. मुलगा नोकरीसाठी इल्फर्डला गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती. युक्रेनमधून येणाऱ्यांना लोक आपापल्या घरी ठेवून घेत होते, आम्हीही नाव दिलं. हलिना तिकडे शाळेत संगीत शिकवायची. इथे तिला एका प्राथमिक शाळेत डिनर लेडीचं काम मिळालं, म्हणजे दुपारी मुलांना जेवण वाढायचं. नवरा आंद्री आघाडीवर होता. मूलबाळ नव्हतं. उंच, सडपातळ बाई. बोलताना मध्येच थांबून इंग्रजी शब्द शोधायची आणि सापडला की खूश व्हायची. तिचा फोन कायम टेबलावर उताणा ठेवलेला असायचा. वरणाचा डाव घेतानाही एक डोळा त्याच्यावर.

एकदा भाजी निवडताना ती नीलिमाला सांगत होती. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात तिच्या एका मैत्रिणीचा पॅरिसहून फोन आला. मैत्रीण हुंदके देऊन रडत होती. तुम्ही सगळी किती चांगली माणसं होतात, म्हणत होती. हलिना म्हणाली, "होतात! आम्ही तर तेव्हा सूप करत होतो. बीटरूट चिरत होते मी." ती हसली, नीलिमाही हसली. मी हसलो नाही, कारण त्या आठवड्यात देश तीन-चार दिवसांत पडणार हे मीसुद्धा सोफ्यावर बसून चार लोकांना पटवून दिलं होतं. मी काय, मोठमोठ्या राजधान्यांतले मोठमोठे लोक तेच धरून चालले होते. शोकसंदेशाची भाषा तयार होती, मदतीची नव्हती.

खरं तर त्याआधी किती वर्षं मिळाली होती. काळ्या समुद्रातलं ते द्वीपकल्प गिळलं गेलं तेव्हा युरोपने निषेध केला आणि संध्याकाळी त्याच गिळणाऱ्याकडून आलेल्या गॅसवर स्वयंपाक केला. पुढे आणखी एक पाइपलाइन टाकायला घेतली. लंडनने त्यांच्या धनिकांना घरं दिली, त्यांच्या मुलांना शाळांत घेतलं, मेजवान्यांना बोलावलं. व्यापार वाढला की दांडगा माणूस आपोआप निवळतो असा एक समज होता. पूर्वेकडचे छोटे देश ओरडून सांगत होते की हा थांबणार नाही. त्यांना आपण म्हणालो, तुम्हाला जुन्या जखमांमुळे असं वाटतं. मी हे वाक्य आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका पोलिश सहकाऱ्याला ऐकवलेलं आहे. त्याने फक्त चहा ढवळला.

त्या हिवाळ्यात संध्याकाळी चार वाजताच काळोख व्हायचा. हलिना कामावरून यायची, ओला कोट रेडिएटरजवळ टांगायची आणि माझ्या शेजारी येऊन बसायची. टीव्हीवर रणगाड्यांची चर्चा चाललेली असायची. द्यायचे की नाही, कोणी आधी द्यायचे, दिले तर समोरचा चिडेल का, किती चिडेल. जणू समोरचा आत्तापर्यंत खुशीत होता. शेवटी ब्रिटनने देऊ केले तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "बघ, आम्ही पहिले."

"हो," ती म्हणाली. "किती?"

"सुरुवात आहे," मी म्हटलं.

रोज ती विचारायची, "आज काय ठरलं?" आणि मी रोज सांगायचो, "ठरलं असं नाही, पण वातावरण चांगलं आहे." हे ती फोनवर आंद्रीला लिहून पाठवायची. मला दिसायचं ते. आपल्या दिवाणखान्यातलं ते गुळगुळीत वाक्य चिखलाने भरलेल्या खंदकात जाऊन पोचायचं. तिथे त्या माणसाने त्याचं काय केलं असेल, हा विचार आजही आला की मी उठून उगाचच नळ वगैरे बंद आहे का बघतो.

पुढे विमानांची चर्चा निघाली. हा तर माझा प्रांत. चाळीस-एक वर्षं पंखांचे आराखडे केलेला माणूस मी. धावपट्ट्या कशा लागतात, सुटे भाग कसे लागतात, वैमानिक तयार व्हायला वेळ का लागतो, हे मी हलिनाला कागदावर चित्रं काढून समजावलं. सगळं बरोबर होतं. एकही चूक नव्हती त्यात. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "म्हणजे मागच्या वर्षी सुरू केलं असतं तर आता झालं असतं?" मी म्हणायचो, "थिअरेटिकली, हो."

तर कुंकवाचं. पहिल्या नवरात्रात घरी बायका आल्या, तेव्हा हलिनाही हौसेने बसली. नीलिमाने तिला हळदकुंकू लावलं. हे काय, म्हणून तिने विचारलं, आणि समजावून सांगायला मी होतोच. बायकांनी एकमेकींचा मान करायचा, हा या समारंभाचा खरा जीव, पण ते सोडून मी तिला सोप्यात सोपं सांगितलं, "नवरा जिवंत असलेल्या बाईला लावतात. त्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून." पल्लवी तेव्हाच म्हणाली होती, "काका, इट्स नॉट जस्ट दॅट हं." पल्लवी नागपूरची, आयटीतली, वर्क व्हिसावर आलेली, आमच्या मंडळातली सगळ्यात तरुण. पण हलिनाला माझीच व्याख्या आवडली. तिने कपाळाचा फोटो आंद्रीला पाठवला, अर्थासकट. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं, आणि कपाळावर मधोमध बोटाने लावलेला चिखलाचा ठिपका. खाली त्याने लिहिलं होतं, माझ्या बायकोच्या दीर्घायुष्यासाठी. हलिनाने तो फोटो सगळ्या घराला दाखवला, पोस्टमनलासुद्धा.

संक्रांतीला ती स्वतः सगळ्यांच्या आधी येऊन बसली. कपाळावरचे केस मागे सारायचे, मान जरा पुढे करायची, डोळे क्षणभर मिटायचे, सगळं तिला जमायला लागलं होतं.

फाल्गुनात आंद्रीचा फोन बंद झाला. आधी दोन दिवस काही वाटलं नाही, असं पूर्वीही व्हायचं. मग आठवडा गेला. तिने पाठवलेल्या निरोपांपुढे एकच खूण उमटायची, दुसरी उमटतच नव्हती. त्याच्या तुकडीतल्या एकाच्या बायकोलाही काही कळत नव्हतं. सैन्याकडून 'संपर्क नाही' एवढंच उत्तर यायचं. हलिना कामावर जायची, मुलांना मटार वाढायची, परत यायची. रडली नाही. फक्त "आज काय ठरलं?" हे विचारायचं तिने सोडून दिलं. ते तिने सोडलं तेव्हा मला हायसं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

आणि चैत्र आला. आमच्याकडचं हळदीकुंकू ठरलेलंच होतं. बागेतली चेरी नुकती फुलली होती, दुकानातून कैऱ्या आणल्या होत्या, हरभरे भिजत घातले होते. दुपारी बायका यायला लागल्या. हलिना निळा ड्रेस घालून, नीलिमाने दिलेल्या बांगड्या घालून हॉलमध्ये बसली होती आणि येणाऱ्यांना पन्हं देत होती. तेवढ्यात कुलकर्णी काकू स्वयंपाकघरात आल्या. काकू आमच्यात सगळ्यात वडील, त्यांच्याशिवाय मंडळाचं पान हलत नाही. मागोमाग नीलिमा आणि पल्लवी.

"विनायक, दार लोटून घे रे जरा," काकू म्हणाल्या. "हे हलिनाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" पल्लवी म्हणाली. "लावायचं. आजकाल आपण सगळ्यांनाच लावतो ना? माझी आत्या विडो आहे, तिलाही लावतो आम्ही. धिस इज नॉट ईव्हन अ क्वेश्चन."

"अगं, मी काय सोवळंओवळं करतेय का? आपल्या आपल्यात ठीक आहे. पण ह्या शहाण्याने तिला काय सांगून ठेवलंय? नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतं म्हणून. आता लावलं आणि तिला सगळ्यांसमोर रडू कोसळलं तर?"

"आणि लावलं आणि संध्याकाळी तिकडून काही बातमी आली तर?" नीलिमा म्हणाली. तिचे डोळे आधीच भरले होते. "तिला आयुष्यभर आठवेल हो ते."

"मग तिलाच विचारूया," पल्लवी म्हणाली.

"काय विचारणार? तुझा नवरा आहे का म्हणून?"

तिघीही मनाने चांगल्या. तिघींचाही हलिनावर जीव. मग तिघींनी माझ्याकडे बघितलं, कारण अशा बाबतीत मला समजतं असा घरात एक गैरसमज आहे. मी डाळीचा चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "हे बघा, आत्ता घाई नको. परिस्थिती जरा स्पष्ट होऊ दे. पाहुण्यांदेखत नको. मागाहून नीलिमाने तिला एकटीला गाठून, शांतपणे, योग्य त्या पद्धतीने लावावं."

"काका, तुम्ही एकदम न्यूजसारखं बोलताय," पल्लवी म्हणाली. पण सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. लावायचं नाही असं आम्ही मुळी ठरवलंच नव्हतं. मागाहून लावायचं होतं.

मी दाराच्या फटीतून बघत होतो. नीलिमा कोयरी घेऊन एकेकीपुढे जात होती. काकूंना लावलं, पल्लवीला लावलं, शेजारच्या दोघींना लावलं. हलिनाची पाळी आली. तिने केस मागे सारले, मान पुढे केली, डोळे मिटले. नीलिमा तिच्या खांद्यावर हात ठेवून "तुला नंतर हं," असं मराठीतच पुटपुटली आणि पुढच्या बाईकडे वळली. हलिनाने डोळे उघडले तेव्हा तिच्यासमोर कोणी नव्हतं. तिने पुढे केलेली मान हळूच मागे घेतली आणि केसांचा रबर काढून केस पुन्हा बांधायला घेतले. बराच वेळ बांधत होती. नंतर तिने उठून पन्ह्याचे रिकामे ग्लास गोळा केले.

मागाहून लावायचं राहूनच गेलं. काकूंना घरी सोडायचं होतं, खुर्च्या परत करायच्या होत्या, भांड्यांचा ढीग पडला होता. हलिना डोकं दुखतंय म्हणून वर गेली. नीलिमा दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली. "उद्या सकाळी लावते," म्हणाली. मीही म्हटलं, उद्या बरं.

आता हलिना नॉटिंगहॅमला असते. तिथल्या एका शाळेत पुन्हा संगीत शिकवते, छोटा फ्लॅट घेतलाय. आंद्रीचा पत्ता अजूनही लागलेला नाही. बेपत्ता, एवढंच. टीव्हीवर अजून ती लांब टेबलं दिसतात, माणसं बदलली आहेत, गंभीर चेहरे तेच आहेत. परवा नीलिमाने तिला फोन करून बोलावलं. येते म्हणाली, शनिवारी दुपारच्या ट्रेनने. दरवर्षी येते. दरवर्षी नीलिमा सगळ्यांत आधी तिला कुंकू लावते, आणि दरवर्षी मी त्या वेळी स्वयंपाकघरात पाठ करून उभा असतो. त्या चैत्रातली दुसऱ्या दिवशीची सकाळ माझ्या मानेवर बसलेली असते.

त्या सकाळी मी टीव्ही लावून चहा घेत होतो. विमानांवरच चर्चा चालली होती. नीलिमा कोयरी शोधत होती. हलिना जिना उतरून आली ती कोट घालून, बूट घालून. हातात बॅग. डोळे सुजलेले. रात्रभर झोपली नसावी. तिच्या मागे, जिन्याच्या टोकाला वरच्या खोलीचं दार उघडं होतं; पलंगावरच्या चादरी तिने घड्या घालून ठेवल्याचं मागाहून दिसलं.

"टीव्ही बंद करा, प्लीज," ती म्हणाली. मी केला.

"विनायक, तुम्ही सगळं वाचता. तुम्हाला कळलंय. मला सांगा, तो कुठे आहे? मला त्याला आणायला जायचंय."

"काय कळलंय? कुणाबद्दल?"

"आंद्रीबद्दल. काल तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दार लावून बोलत होतात. मग मला लावलं नाही. सगळ्यांना लावलं. तुम्हीच मला सांगितलं होतं त्याचा अर्थ काय असतो." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी रागावले नाही. तुम्हाला सांगता येत नसेल. पण मला त्याला तिथे एकटं ठेवायचं नाही."

"अगं नाही, नाही गं बाई, नाही," नीलिमा मराठीतच म्हणत राहिली आणि खुर्चीचा आधार घेऊन खाली बसली. तेव्हा बोलायला मीच उरलो. सगळ्या युरोपचं धोरण समजावून सांगणारा.

"आम्हाला काहीच कळलेलं नाही, हलिना," मी म्हटलं.

"फोन आला नाही?"

"नाही."

"कुठे बातमी वाचली नाही? त्याच्या तुकडीची?"

"नाही. देवाशपथ नाही."

"मग कोणी ठरवलं?"

मी नीलिमाकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. "आम्ही," मी म्हटलं. "म्हणजे, ठरवलं नाही. आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो."

"इथे? ह्या घरात?"

"इथेच. स्वयंपाकघरात."

आता ती चिडेल, मी मनाशी म्हटलं. चिडावी असं मला मनापासून वाटत होतं. बॅग आपटावी, ओरडावं, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलावं. तुम्ही माझ्या जिवंत नवऱ्याला डाळ वाटता वाटता मारलंत, एवढं तरी म्हणावं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं आणि थोडा हलका झालो असतो.

तिच्या हातातून बॅग सुटली. "ओन्ली यू," ती म्हणाली. "म्हणजे फक्त तुम्ही. तिकडून काही नाही. फक्त तुम्ही." तिचा चेहरा एकदम उजळला, ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. नीलिमाच्या गळ्यात पडली, तिच्या गालाला गाल लावून काहीतरी तिच्या भाषेत बोलत राहिली. मग माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घट्ट धरले आणि मोठी भेट मिळालेल्या माणसाने म्हणावं तसं, डोळ्यांत पाणी आणून, मनापासून म्हणाली, "थँक यू, विनायक. थँक यू."